सल्ला: आयर्लंडच्या खेड्यातल्या हॉस्टेलमध्ये एकटीने राहू का?

पत्र:
नमस्कार मॅडम, मी साताऱ्याची, वय ५७, मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. मुलगा डब्लिनला नोकरीला आहे, जूनमध्ये महिनाभर त्याच्याकडे चाललेय. त्याला रजा नाही, म्हणून त्याने माझं एकटीचं पाच दिवसांचं फिरणं ठरवलंय. गॉलवे, मग डूलिन नावाचं समुद्राजवळचं खेडं, मग किलार्नी. डूलिनला हॉस्टेल बघितलंय, चार बायकांची एक खोली, खाली-वर कॉट, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच. मिस्टर म्हणतात परदेशात जाऊन धर्मशाळेत कशाला राहायचं. मी शाकाहारी आहे, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना अडखळते. दोनदा वारी केलीय, पण ती आपल्या माणसांत. तिथल्या लोकांसाठी कंदी पेढे नेले तर चालतील का? आणि खरं सांगायचं तर तरुण पोरापोरींमध्ये मी एकटी म्हातारी बाई विचित्र दिसेन असं वाटतं. जाऊ का नको?

उत्तर:
बाई, (शाळेतल्या आहात म्हणून बाईच म्हणते) जा. हॉस्टेलमध्येच राहा. पण पाच दिवसांत तीन गावं करू नका, त्यावर पुढे बोलते, कारण मला तुमच्या पत्रात तीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकली.

आधी धर्मशाळेचं. मिस्टरांना सांगा की त्यांचा शब्द फारसा चुकलेला नाहीये आणि त्यात कमीपणाचंही काही नाही. हॉस्टेल ही कल्पनाच मुळी एका शाळामास्तरांची आहे. जर्मनीतले रिचर्ड शिरमान, १९०९ च्या ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला गेले होते, वाटेत जोराचं वादळ झालं आणि सगळ्यांनी रात्र काढली ती एका गावातल्या शाळेच्या इमारतीत, गवत अंथरून. तिथे त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पायी फिरणाऱ्या पोरांना तिथे झोपायला का देऊ नये. त्यातून पुढे जगभर यूथ हॉस्टेलं झाली, आयर्लंडमध्ये त्यांची संघटना १९३१ साली निघाली, आन ओईगे म्हणून, आयरिश भाषेत त्याचा अर्थ तरुणाई. आपल्याकडचे लोक यूथ हॉस्टेलचे हिमालयातले ट्रेक करतात ते पण याच कुळातले. आता तुम्ही मला सांगा, वारीत लोणंद-फलटणला शाळेच्या वर्गात, मंडपात, चाळीस-पन्नास बायकांमध्ये पिशवी उशाला घेऊन झोपलेल्या बाईला चार जणींच्या खोलीची काय भीती? इथे तर गादी आहे, धुतलेली चादर आहे, रजई आहे.

आपल्या माणसांत होते असं तुम्ही लिहिलंय ना, मग आठवून बघा, वारीत पहिल्या दिवशी शेजारी झोपलेली बाई तुमच्या ओळखीची होती का? नव्हतीच. दुसऱ्या दिवशी एकत्र भाकरी खाल्ली म्हणून ओळखीची झाली. खेड्यातल्या हॉस्टेलात अगदी हेच होतं, आणि ते होतं स्वयंपाकघरात. शहरातल्या मोठ्या हॉस्टेलात लोक आले, झोपले, निघाले. खेड्यात संध्याकाळी जायला फारशा जागाच नसतात, बाहेर पाऊस असतो, मग सगळे किचनमध्ये नाहीतर शेकोटीच्या खोलीत येऊन बसतात. मालक म्हणजे बहुतेकदा एखादं कुटुंब किंवा स्वतःच पूर्वी भटकलेला कुणीतरी, आणि तेच सकाळी झाडू मारतात आणि तेच बसची वेळ सांगतात.

मी स्वतः गेले होते ऑक्टोबरमध्ये, बहीण लिमरिकला होती, तिच्या डिलिव्हरीसाठी दोन महिने राहिले आणि निघायच्या आधी तीन रात्री क्लेअर काउंटीतल्याच (काउंटी म्हणजे आपला जिल्हा, तुमचं डूलिन त्यातच येतं) एका हॉस्टेलला काढल्या. पहिल्या संध्याकाळी भिजून आले, काय करावं कळेना, खोलीत जाऊन कॉटवर बसून राहिले तासभर, घरी यावंसं वाटत होतं अगदी. मग भूक लागली म्हणून किचनमध्ये गेले आणि तिथे एक सत्तरीच्या बाई होत्या, कॉर्कच्या, सायकलवर फिरत होत्या, त्यांनी काही न विचारता किटली चालू केली आणि माझ्यासमोर चहाचा मग ठेवला. दूध घातलेला कडक चहा, आपल्यासारखा उकळलेला नाही पण पांचट पण नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की हॉस्टेलमध्ये पोचल्यावर पहिल्यांदा बॅग ठेवून किचनमध्ये जायचं, खोलीत जाऊन बसायचं नाही. खोलीत बसलं की परकेपणा वाढत जातो.

आणि वयाचं म्हणाल तर ते विसराच. त्या नावातल्या यूथवर जाऊ नका. आयर्लंडच्या खेड्यातल्या हॉस्टेलांत रिटायर झालेले चालणारे, सायकलवाले, पक्षी बघणारे, मुलाबाळांसकट आलेली कुटुंबं असे सगळे असतात, जूनमध्ये तर जास्तच. तुम्ही एकट्या मोठ्या नसाल.

चहावरून एक. तिथे चहा विचारतात आणि पहिल्यांदा नको म्हणायची पद्धत आहे, मग ते परत विचारतात, मग परत, मग आपण घ्यायचा. आपल्याकडच्या आग्रहासारखंच आहे हे, त्यामुळे तुम्हाला जमेल. पण उलट बाजूने पण लक्षात ठेवा, तुम्ही कुणाला काही खायला दिलंत आणि तो नको म्हणाला तर एकदा परत विचारा, तिसऱ्यांदा मात्र ताटात वाढू नका.

आता शाकाहाराचं बोलू, कारण खरी तयारी तिथे लागते. हॉस्टेलचं किचन म्हणजे शेगड्या, ओव्हन, फ्रिज, भांडी, ताटल्या सगळं असतं, तुम्ही फक्त शिधा न्यायचा. मूगडाळ न्या, तूरडाळीला कुकर लागतो आणि तिथे कुकर मिळायचा नाही. तांदूळ, बटाटे, कोबी, गाजर तिकडेच घ्या. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी एवढं घरून नेलंत की पाच दिवस काही कमी पडत नाही. मोठी खरेदी गॉलवेला ट्रेनमधून उतरून बस पकडायच्या आधी करून घ्या, खेड्यातली दुकानं लहान आणि महाग. बाहेर खाल्लंत तर व्हेजिटेबल सूप आणि ब्राऊन ब्रेड जवळजवळ सगळीकडे मिळतं आणि तो ब्रेड लोण्याबरोबर इतका छान लागतो की मी घरी करून बघितला, पण सूप घ्यायच्या आधी विचारा की स्टॉक चिकनचा आहे का, कारण नाव व्हेजिटेबल असलं तरी पाणी चिकनचं असू शकतं.

फोडणी! हे नीट वाचा. तिथे प्रत्येक किचनला स्मोक अलार्म असतो. मी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कडकडीत मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि अख्ख्या हॉस्टेलात अलार्म वाजला, नियमाप्रमाणे सगळी माणसं पावसात अंगणात उभी. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही पण मला फार अपराधी वाटलं. तेव्हा एक्झॉस्ट आधी चालू करायचा, खिडकी उघडायची, मंद आचेवर जिरं-हळद, सुकी मिरची भाजायची नाही, झाकण हाताशी ठेवायचं. आणि हिंगाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा, फ्रिजमध्ये दुसऱ्याच्या चीजला वास लागला तर बरं दिसत नाही. तुमच्या पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहून ठेवायची असते, नाहीतर साफसफाईत टाकून देतात. एक फळी सहसा असते जिथे जाणारी माणसं उरलेलं मीठ, पास्ता, तेल ठेवून जातात, ते कुणीही वापरायचं, तुम्ही पण निघताना उरलेला तांदूळ तिथे ठेवा. भांडी जेवणाआधीच घासून टाकलीत तर उत्तम, निदान कढई तरी, कारण मागे कुणीतरी तिचीच वाट बघत असतं.

कंदी पेढे नेऊ नका. वाईट वाटतंय लिहिताना, साताऱ्याहून येताय आणि पेढे नाहीत, पण युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणि मांस सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, पनीर आणि हो, तूपसुद्धा. विमानतळावर काढून घेतील. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत, ताज्या भाज्या-पानांना वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यापेक्षा तीळगूळ, राजगिऱ्याच्या वड्या किंवा शेंगदाण्याची चिक्की न्या, दुधा-तुपाशिवायची बघून, आणि चिक्की वाटायच्या आधी प्रत्येकाला विचारा की शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, तिकडे हे खूप गंभीरपणे घेतात आणि घ्यायलाच हवं.

तर आता मुलाच्या प्लॅनबद्दल. त्याने प्रेमाने केलाय, पण गॉलवे-डूलिन-किलार्नी हे नकाशावर जवळ दिसतं आणि बसने गेलं की अख्खा दिवस जातो, डूलिनहून किलार्नीला जायचं तर एनिस, लिमरिक करत बस बदलत बसायचं. तुम्ही नवीन, बॅग बरोबर, रोज नवीन बिछाना, रोज नवीन किचन, कुठेच कुणी ओळखीचं होणार नाही. किलार्नी काढून टाका. चारही रात्री डूलिनला राहा. पहिल्या रात्री तुम्ही पाहुण्या असता, दुसऱ्या रात्री मीठ कुठे आहे ते माहीत असतं आणि तिसऱ्या दिवशी नवीन आलेल्या माणसाला तुम्ही सांगता की ती डावीकडची शेगडी हळू तापते. मला वाटतं खेड्यातल्या हॉस्टेलात राहायची मजा तिथे सुरू होते.

आणि डूलिनला चार दिवस पुरून उरतील. मोहरचे कडे तिथून बसने अगदी जवळ, सगळ्यात उंच जागी २१४ मीटर, खाली सरळ अटलांटिक. तुम्ही साताऱ्याच्या, कडे काही नवीन नाहीत तुम्हाला, पण एक सांगते, सह्याद्रीतल्यासारखं कड्याशी जाऊन वाकून बघायचं नाही, तिथला वारा माणसाला खरंच ढकलतो आणि कडेची माती ठिसूळ आहे. डूलिनहून कड्यांपर्यंत पायवाट पण आहे, तिचे काही भाग सुरक्षेसाठी बंद ठेवतात, तेव्हा आधी हॉस्टेलमध्ये विचारा कुठपर्यंत जाता येतं. बंद लिहिलं असेल तर बंद. ओढणी घरी ठेवा, पँट आणि वॉटरप्रूफ जॅकेट घाला, छत्री तर नेऊच नका, पाऊस तिथे आडवा येतो आणि छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते.

एक दिवस बरनला द्या. बरन म्हणजे मैलोन्‌मैल उघडा चुनखडीचा खडक, करडा, भेगा पडलेला, आणि त्या भेगांतून फुलं. तुम्ही कासचं पठार कितीतरी वेळा बघितलं असेल, पोरांना घेऊन सहलीला पण गेला असाल. तिथे जांभ्यावर फुलतं, इथे चुनखडीवर, तिथे पावसाळा संपता संपता आणि इथे एप्रिल-मेपासून जूनपर्यंत. खडकावर जेमतेम माती आणि तरी एवढं कसं उगवतं हे बघायला तुमच्याइतकी लायक बाई दुसरी नाही, वही घेऊन जा. आणि एक गंमत, तिथले शेतकरी गुरं हिवाळ्यात वर डोंगरावर नेतात आणि उन्हाळ्यात खाली ठेवतात, बाकी जगाच्या अगदी उलट, कारण तो दगड हिवाळ्यात कोरडा राहतो आणि ऊब धरून ठेवतो. हिवाळ्यात गुरांनी वाढलेलं गवत खाऊन टाकलं की उन्हाळ्यात फुलांना उजेड मिळतो.

समुद्र शांत असेल त्या दिवशी डूलिनच्या धक्क्यावरून बोटीने इनिश ईरला जा, अरन बेटांतलं सगळ्यात छोटं, तिथे लोक घरात आयरिश बोलतात. किनाऱ्यावर १९६० साली लाटांनी आणून टाकलेलं एक गंजलेलं जहाज अजून तसंच पडलंय. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या, आणि समुद्र खवळला तर बोट रद्द होते, म्हणून हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

संध्याकाळी गाणं. डूलिन त्यासाठीच ओळखलं जातं, मिको रसेल नावाचे बासरीवाले (टिन व्हिसल म्हणतात त्याला, पत्र्याची छोटी बासरी) तिथलेच, १९१५ ते १९९४, शेतकरी माणूस, त्यांना आणि त्यांच्या भावांना ऐकायला लांबून लोक यायचे. आता पबमध्ये रोज रात्री वाजवतात. पब म्हटल्यावर बिचकू नका, चहा किंवा लेमोनेड घेऊन बसलं तरी कुणी काही म्हणत नाही, हॉस्टेलमधल्या दोघी-तिघी जातातच, त्यांच्याबरोबर जा. स्टेज वगैरे नसतं, वादक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, आपल्याकडे भजनाला बसतात ना तसं. त्यांच्या अगदी जवळ बसून मोठ्याने बोलायचं नाही, फर्माईश करायची नाही. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे परत येताना अंधाराची पण काळजी नाही, पण तो उजेड पहाटे पाचलाच परत खिडकीत येतो, तर डोळ्यावर बांधायची पट्टी न्या. कानात घालायचे बोळे पण न्या, चार जणींत एक तरी घोरते.

इंग्रजीचं. तुम्ही अडखळता त्याने काही अडणार नाही, उलट क्लेअरचे लोक इतकं भरभर बोलतात की डब्लिनची माणसं पण परत विचारतात. सरळ म्हणायचं, सॉरी, स्लोली प्लीज. हाऊ आर यू म्हणाले तर ते नमस्कारासारखं आहे, तब्येत सांगायची नाही. यू आर ग्रँड म्हणजे असू द्या हो, काही हरकत नाही. बसला हात दाखवायचा नाहीतर थांबणार नाही, आणि उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं, तिथे सगळे म्हणतात, शाळेतली पोरंसुद्धा. गॉलवेपर्यंत डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन, अडीच तास, आणि स्टेशनजवळूनच ३५० नंबरची बस डूलिनला. रविवारी बस कमी असतात, त्या दिवशी प्रवास नको.

बाथरूमचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. टॉयलेटमध्ये पाणी नसतं, कागदच. एक प्लॅस्टिकची बाटली किंवा छोटा मग पिशवीत ठेवा आणि जमीन कोरडी ठेवून या. शॉवरला गरम पाणी येत नसेल तर छताकडून लोंबणारी दोरी बघा, बऱ्याच ठिकाणी ती ओढल्यावर शॉवरची वीज चालू होते. मात्र दोरी लाल असेल तर ती ओढू नका, ती मदतीला बोलवायची असते. टॉवेल आपला न्या. सोनं मुलाच्या घरी ठेवा, साधी काळ्या मण्यांची पोत गळ्यात राहू द्या. पासपोर्ट आणि पैसे गळ्यातल्या पाऊचमध्ये, बाकी सामानाला लॉकर असतो पण कुलूप बहुतेकदा आपलं लागतं, छोटं कुलूप इथूनच घ्या. आपला प्लग तिथे बसत नाही, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

खोलीत बायका झोपल्या असतील तर दिवा लावायचा नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पहाटे चुरचुरवायच्या नाहीत, रात्रीच बॅग लावून ठेवायची. मिस्टरांचा व्हिडिओ कॉल खोलीत स्पीकरवर घेऊ नका. जूनमध्ये तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तुमच्या तिथल्या दुपारच्या चार वाजता मिस्टरांचे इथले रात्रीचे साडेआठ, जेवण वगैरे करून बसलेले असतील, तेव्हा अंगणातून फोन करा आणि त्यांना ती दगडी कुंपणं आणि गाई दाखवा. धर्मशाळेचा विषय मला वाटतं तिथेच मिटेल.

एवढं सगळं लिहिलं पण एक काम आजच करायचंय. मुलाला सांगा हॉस्टेलला ईमेल करून खालची कॉट मागून घे. सत्तावन्नव्या वर्षी रात्री दोनदा उठून शिडी उतरायची नाही, आणि अशा ठिकाणी आधी विचारलं तर ते आनंदाने ठेवतात. किलार्नीचं बुकिंग रद्द कर आणि डूलिनच्या रात्री वाढव हे पण त्याच ईमेलच्या दिवशी, जूनमध्ये तिथली बेडं लवकर संपतात.